पीव्हीपी आणि पीईआय: दोन्ही पॉलिमरच, पण कामं वेगळी

मिश्रधातूंचे नॅनोकण (काही नॅनोमीटरचे अतिसूक्ष्म कण) बनवायच्या कृतीत 'पॉलिमर', म्हणजे लांब साखळीचा रेणू, 'घातला' एवढंच वाचलं की वाटतं, कुठलाही चालेल. पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) काय नि पीईआय (पॉलिएथिलीनइमाइन) काय! गफलत होते ती इथेच.

पंचधातूची मूर्ती ओतताना मुशीतली उष्णता धातू एकजीव करते. पाण्यात ती सोय नाही. सोन्या-तांब्याच्या क्षारांचं द्रावण घ्यायचं, क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) घालून आयनांचे अणू करायचे. पण सोन्याच्या क्लोराइडधारी आयनाचा क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप) सुमारे +१.०० व्होल्ट, तांब्याचा +०.३४. सौम्य क्षपणक असेल तर सोनं आधी उतरणार. चुकून तांबं आधी उतरलंच, तर उरलेले सोन्याचे आयन त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून त्याला परत द्रावणात धाडणार. बहुतेकदा हाती येतं ते आत सोनं, वर तांबं.

पीव्हीपीला प्रभार नाही. तो तयार कणाला ऑक्सिजनने धरतो आणि साखळ्यांचं पांघरूण घालून कणांचे गुठळे होऊ देत नाही. राखणदार तो, आत कोण कुठे बसलंय, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही.

पीईआय क्षपणाआधीच कामाला लागतो. त्याच्या साखळीत अमाइन या नायट्रोजनधारी गटांचे नायट्रोजन ठासून भरलेले. पाण्यात त्यातले काही प्रोटॉन घेऊन धनप्रभारित होतात आणि सोन्याचा, क्लोराइडमुळे ऋणप्रभारित झालेला, आयन ओढतात. मग तांब्याचं काय? तो आयन स्वतःच धन, म्हणजे दूरच लोटला जायला हवा. त्याला धरतात ते मोकळे राहिलेले नायट्रोजन, आपली इलेक्ट्रॉनजोडी देऊन. मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात पीईआयचे थेंब सोडा, गडद निळाई पसरते. मग भरपूर आम्ल घाला: नायट्रोजन प्रोटॉन घेऊन बसतात, तांबं सुटतं, रंग पुन्हा फिका. म्हणून पीईआयला 'प्रभारित पॉलिमर' म्हणणं मला अर्धवट वाटतं. किल्ली सामूकडे (पीएच, द्रावणाच्या आम्लतेचं माप) आहे.

एकाच साखळीवर दोन्ही धातू शेजारी बसले की अणूंना एकमेकांना गाठायला लांब जावं लागत नाही. तरी ०.६६ व्होल्टची दरी उरतेच. म्हणून दोन्ही धातू एकदमच उतरावेत यासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखा जोरकस क्षपणक एका दमात घालायचा. मिश्रण रात्रभर ठेवायचं नाही, कारण सोन्याचं क्षपण पीईआय स्वतःच हळूहळू करू लागतो.

शेवटी मिठाची गोष्ट. द्रावणात ते लिटरला ०.१ मोल झालं की प्रभाराची ओढ साधारण १ नॅनोमीटरच्या पुढे विरते आणि सोन्यावरची पकड सैल होते. पीव्हीपीच्या पांघरुणाला मात्र त्याचं विशेष काही वाटत नाही.