टॉर्पेडो बोटीत टॉर्पेडोच नव्हते!

कित्येकांना अजून वाटतं की अराफुरा समुद्रातल्या लढाईत इंडोनेशियाच्या बोटींनी डच जहाजांवर टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजाचा वेध घेणारी अस्त्रं) सोडले. नाही हो, तसं झालंच नाही! १५ जानेवारी १९६२ च्या रात्री पश्चिम न्यू गिनीकडे निघालेल्या त्या तीन जर्मन बनावटीच्या जॅग्वार क्लास बोटींत टॉर्पेडो नव्हतेच, कारण डचांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर गुपचूप उतरवायचे सैनिक त्यात भरले होते. हाताशी होत्या फक्त ४० मिमीच्या बोफोर्स तोफा, आणि समोर एव्हर्टसन या डच युद्धनौकेच्या १२० मिमीच्या! तिघींपैकी माचान तुतुल ही बोट बुडाली, इंडोनेशियाच्या नौदलाचे कमोडोर योस सुदार्सो तिच्यातच गेले. टॉर्पेडो होते असं मानलं की त्या माणसांनी नेमकं काय पत्करलं होतं तेच झाकलं जातं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.