‘गरीब कर भरतच नाहीत’ हे खोटं आहे

‘देशात मूठभर लोक कर भरतात, बाकीचे त्यांच्या जिवावर जगतात’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यात खरं एवढंच, की प्राप्तिकर भरणारे थोडे आहेत. पण प्राप्तिकर म्हणजे सगळे कर नव्हेत.

धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा २९९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे साधारण ४५ रुपये सरकारजमा. त्या जिथे काम करतात त्या बंगल्याच्या मालकांनी तोच रिचार्ज मारला, तर त्यांचेही ४५च. ताईंच्या महिन्याच्या हिशेबात ही रक्कम टोचते, मालकांना जाणवतही नाही. अशा माणसांना फुकटे म्हणणं हा उघड अन्याय आहे. २०२४-२५ मध्ये जीएसटीचं ढोबळ संकलन २२ लाख कोटी रुपयांवर गेलं, त्यात त्यांचाही वाटा आहे. पेट्रोलवरचे कर वेगळेच.

श्रीमंत प्राप्तिकर भरतात, मोठा भरतात, हे मान्यच. पण संपत्ती कर २०१५च्या अर्थसंकल्पात रद्द झाला; वारशाने येणाऱ्या मालमत्तेवरचा कर तर १९८५मध्येच गेला. आणि शेअरचा भाव कितीही वाढो, तो विकेपर्यंत त्या वाढीवर प्राप्तिकर लागत नाही.