चोपण काळी माती: आधी पाण्याला वाट, मग जिप्सम

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. इथली भारी काळी जमीन उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून भराभर खाली जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरच तुंबते. वाफसा लवकर येत नाही, आणि एकदा आला की दोन-तीन दिवसांत निघून जातो. नंतर ढेकळे अशी कडक होतात की वखर चालत नाही.

काळ्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट खनिजाची असते, म्हणून ती पाण्याने फुगते. तिच्या कणांवर कॅल्शियम बसलेले असेल तर कण एकमेकांना धरून राहतात. त्या जागी सोडियम आले की ओलाव्यात कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि मातीची बारीक छिद्रे बुजवतात. अशा जमिनीला चोपण म्हणतात. कमी पावसाच्या हवामानात चुना चुनखडीच्या रूपात साचत जातो. त्यामुळे कॅल्शियम अडकून पडते आणि खालच्या थरांत सोडियमचा वाटा वाढतो.

जमीन चोपण ठरवायला मातीने धरलेल्या एकूण धन आयनांपैकी (कॅल्शियम, सोडियम वगैरे) १५ टक्के सोडियम ही मर्यादा जगभर वापरतात. ती अमेरिकेच्या कृषी विभागाने १९५४ साली प्रसिद्ध केलेली. आपल्या फुगणाऱ्या मातीला ती लावू नये. पूर्णा खोऱ्यात ५ टक्क्यांच्या पुढेच पाण्याचा निचरा मंदावतो. अडचण अशी की मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत सोडियम नसतोच. प्रयोगशाळेत ‘विनिमयक्षम सोडियम’ आणि ‘कॅटायन विनिमय क्षमता’ (माती एकूण किती धन आयन धरते) असे नाव घेऊन मागा. नमुने ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटरचे वेगवेगळे द्या, कारण वरचा थर बरा दिसत असताना खालचा बिघडलेला असू शकतो.

घरीही एक चाचणी होते. वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ काचेच्या वाटीत पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात हळूच सोडा आणि वाटी अजिबात हलवू नका. ढेकूळ नुसते विस्कटून तळाला बसले आणि पाणी नितळ राहिले, तर सोडियमची चिंता कमी. भोवती दुधाळ वलय पसरू लागले, दोन तासांत पाणी गढूळ झाले, तर माती चोपण आहे. बोअरचे पाणी मात्र वापरू नका. त्यातल्या क्षारांमुळे कण एकत्र राहतात आणि चाचणी फसते. शेतातही नेमके हेच घडते: खाऱ्या बोअरवर भिजवलेली जमीन त्या हंगामात ठीक वाटते. पुढच्या पावसाने क्षार धुतले जातात, सोडियम मातीला चिकटून राहते आणि सगळे शेत चिखल होते.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट; त्यातले कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेते. ते किती टाकायचे, ते मोजूनच ठरवावे. वरच्या १५ सेंटिमीटर थरातले दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट (आयन मोजायचे प्रयोगशाळेतले माप) सोडियम हटवायला हेक्टरी साधारण १.७ टन शुद्ध जिप्सम लागते. विनिमय क्षमता ५० मिलिइक्विव्हॅलंट आणि सोडियम त्याच्या १२ टक्के असेल, तर ते ५ टक्क्यांवर आणायला ३.५ मिलिइक्विव्हॅलंट हटवावे लागतात, म्हणजे सुमारे ६ टन. जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर साडेसात टन, एकरी ३ टन. एवढा खर्च एकदम पेलत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांत विभागावा आणि सर्वांत वाईट तुकड्यापासून सुरुवात करावी.

मे महिन्यात बारीक जिप्सम सारखे पसरा आणि वखराने वरच्या १०–१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. खोल नांगरट टाळाच, ती खालची जास्त चोपण माती वर आणते. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे हेक्टरी १ टन विरघळायला ४० मिलिमीटर पाणी मातीत मुरावे लागते. ६ टनांना २४० मिलिमीटर. पाऊस वाहून गेला तर जिप्सम तसेच पडून राहते, आणि मुरलेल्या पाण्याला पुढे वाट नसेल तर सुटलेले सोडियम मुळांपाशीच राहते. म्हणून शेत आधी सपाट करा, रुंद वरंबा-सरी पाडा, हलक्या पावसात सरीला आडवे बांध घाला आणि मोठ्या पावसात ते फोडून पाणी शेताकडेच्या चरात काढा. जिप्सम टाकून चर न काढणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक.

ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या आधी गाडला तर कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतली चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळे करतो. गंधकही चुनखडीवर चालते आणि जिप्समच्या पाचव्या हिश्श्याहून कमी लागते, पण त्याचे आम्ल जिवाणू बनवतात, म्हणून ओलावा आणि काही आठवडे द्यावे लागतात.

रब्बी हरभऱ्याला बोअरऐवजी शेततळ्यातले पावसाचे पाणी द्या. पाणी झिरपू न देणारी हीच माती तळ्याला मात्र फायद्याची, बहुतेक ठिकाणी प्लास्टिक अस्तराशिवाय पाणी टिकते. बांध घालताना मात्र सावध राहा: चोपण माती पाण्यात सुटते, भेगेतून शिरलेली धार आतून बोगदा पाडते आणि बांध फुटतो. माती ओलसर असताना थराथराने दाबा, बांधाच्या मातीत थोडे जिप्सम मिसळा, सांडव्याला दगडाची पिचिंग करा आणि उन्हाळ्यात बांधावर पडलेल्या भेगा पहिल्या पावसाआधी बुजवा.