हंगाम नऊ दिवसांचा, हिशेब बर्फाचा

रोही किंवा रानडुकरांनी उभं पीक आडवं केल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, तसा आपल्याकडेही ठेवा.’ शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे सुचवणाऱ्यांना वाटतं की सगळं दिवसांवर ठरतं. हंगाम वाढवला की हरणं घटली, आखडला की वाढली. तसं होत नाही.

विस्कॉन्सिन राज्याचं बघा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा तिथला मुख्य बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस, नऊ दिवसांचा असतो. त्यातली निम्म्याच्या आसपास शिकार पहिल्या शनिवार-रविवारीच होऊन जाते. शेवटचे दोन दिवस कापले तरी आकडा फारसा हलत नाही. आकडा हलतो तो माद्या मारण्याच्या परवान्यांनी. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे बरेच नर मारले गेले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळजवळ तितकीच जन्मतात. मिशिगनमध्ये १९२८ साली कुंपणाच्या आत ४ माद्या आणि २ नर सोडले होते. सहा वर्षांच्या आत त्यांची संख्या दीडशेच्या पुढे गेली.

मग माद्यांचे परवाने कुठे किती द्यायचे? इथे येतो मला सगळ्यात आवडणारा भाग, हिवाळ्याची गुणपत्रिका. १ डिसेंबर ते ३० एप्रिल रोज दोन गोष्टी बघायच्या. तापमान उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखाली उतरलं, तर एक गुण. जमिनीवर सुमारे ४५ सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ साचलेला असेल, तर आणखी एक. बेरीज ५० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, ८० पासून कडक आणि १०० च्या वर अतिकडक.

४५ सेंटिमीटरच का? कारण तेवढ्या बर्फात हरणाचं पोट घासायला लागतं आणि चालणं म्हणजे उड्या मारत पुढे सरकणं होऊन बसतं. शरद ऋतूत साठवलेली चरबी त्यात जळते. हरणं दाट सूचिपर्णी झाडांखाली गोळा होतात आणि काटक्या-कोंब खाऊन दिवस काढतात. पोटातले जिवाणूही त्याच चाऱ्याला सरावलेले असतात. अशा वेळी कुणी दयेपोटी मक्याचा ढीग ओतला, तर पोटात आम्ल वाढून हरीण भरल्या पोटी मरू शकतं. वसंतात सापडलेल्या मृत हरणाच्या मांडीचं हाड फोडून बघतात. मगज पांढरा आणि घट्ट असेल तर मरणाचं कारण दुसरं काहीतरी. लालसर, जेलीसारखा लिबलिबीत असेल तर उपासमार.

मादीचा गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा. नोव्हेंबरच्या मध्यात माज, म्हणजे विण जूनच्या सुरुवातीला. गर्भ सर्वात झपाट्याने वाढतो तो शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे नेमका चरबी संपलेली असते तेव्हा. म्हणून एप्रिलमधला एक गुण डिसेंबरमधल्या गुणापेक्षा जड धरायला हवा, असं माझं मत आहे. (पौर्णिमेवर माज ठरतो असं तिथले कित्येक शिकारी मानतात. तो ठरतो दिवसाच्या लांबीवर. डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी झाला की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं आणि संप्रेरकांची पुढची साखळी सुरू होते. म्हणूनच माजाची तारीख दरवर्षी जवळपास तीच राहते.)

२०१३-१४ चा हिवाळा उत्तर विस्कॉन्सिनला फार कडक गेला. पुढच्या हंगामात तिथल्या अनेक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) माद्यांचा कोटा शून्यावर आणला. दक्षिणेत मका-सोयाबीनच्या शेतांवर पोसलेल्या माद्यांना सर्रास जुळी होतात, तिथे परवाने सुरूच राहिले. बंदुकीचा हंगाम दोन्हीकडे नऊच दिवसांचा होता. त्याच वर्षी व्यवस्थापनाचे बहुतेक विभाग काउंटीच्या सीमांवर आखले गेले, ते मला पटत नाही. एकाच काउंटीत अर्धं जंगल आणि अर्धी शेती असू शकते. रेषा बर्फ आणि चारा बघून ओढली पाहिजे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. ती उघडावी की नाही हा वेगळा वाद. पण तिथलं कॅलेंडर इथे बसणार नाही, हे ताडोबात चितळांच्या कळपाकडे नीट बघितलं तरी कळतं. एका नराच्या वाढत्या शिंगांवर अजून मखमलीसारखी मऊ कातडी असते, शेजारच्याची टणक झालेली असतात, तिसऱ्याची नुकतीच गळालेली. आणि पाडसं वर्षातल्या जवळपास कुठल्याही महिन्यात आईमागे दिसतात.