सायकल तुमची, पैसे आम्ही का द्यायचे?

ठाणे ते पणजी अशी सायकलवरची निधीफेरी पूर्ण करून आमचा मित्रांचा गट नुकताच घरी आला. दक्षिण कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत वाड्यावस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या, त्यासाठी ही फेरी होती. निधी मागायला सुरुवात केली तेव्हा नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी अशा जवळजवळ सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारले: सायकल तुम्ही चालवणार, मग पैसे आम्ही का द्यायचे? आमच्या इमारतीतले एक काका म्हणाले, "अरे, शाळेचा खाते नंबर दे, मी घरबसल्या पाठवतो. त्यासाठी तुम्ही गोव्यापर्यंत घाम कशाला गाळताय?"

प्रश्न रास्त आहे. पण जिन्यात उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही. त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक आपल्याच मुलखातला आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची सुरुवात युरोपातली. १८९१ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. १८९७ मध्ये इटलीत काही सायकलस्वारांनी एका दिवसात दोनशेहून अधिक किलोमीटर कापले आणि शर्यतीहून वेगळी अशी एक शाखा फुटली. तिच्यात कुणाला हरवायचे नसते, ठरलेल्या वेळात अंतर पुरे करायचे असते. आज 'बीआरएम' म्हणून जे चालते ते याच शाखेतले: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. आपल्याकडे २०१० नंतर हा प्रकार रुजला. आता येऊरचा चढ चढणाऱ्या किंवा पाम बीच रोडवर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही गटात एखादा तरी बीआरएमवाला सापडतोच.

मुंबईकरांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी कमाल करून ठेवली होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये परतले. वाळवंटे, डोंगर, रस्ता नावाची गोष्टच नसलेले प्रदेश, आणि हाताशी त्या काळातल्या जड, बिनगिअरच्या सायकली. त्यांना कुठल्या कामासाठी निधी उभा करायचा नव्हता. जग जवळून पाहावे आणि जगाला भारताची ओळख करून द्यावी, एवढाच त्यांचा हेतू. या तिघांची नावे आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवीत असे मला मनापासून वाटते.

सायकल आणि देणगी यांची गाठ पडली ती पाश्चात्त्य देशांत, गेल्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. लंडन ते ब्रायटन ही ८०-९० किलोमीटरची फेरी १९७६ मध्ये सुरू झाली आणि १९८० पासून ती हृदयरोगावर काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेशी जोडली गेली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी कर्करोगावरच्या संशोधनासाठी ३६ जणांना घेऊन 'पॅन-मास चॅलेंज' काढली. पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. आज ती जगातल्या मोठ्या निधीफेऱ्यांपैकी एक आहे आणि सायकलस्वारांनी जमवलेली सगळीच्या सगळी रक्कम कर्करोगाच्या कामाला जाते. आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवला जातो.

याच्या उलट गोष्टही तिथलीच. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी एड्सग्रस्तांसाठीची मोठी फेरी सुरू झाली, मग तशाच इतर शहरांतही निघाल्या. लोक भरभरून आले, पैसाही अफाट जमला. पण त्यातला बराच मोठा वाटा आयोजनावर आणि जाहिरातीवर खर्च होतो अशी टीका वाढत गेली आणि २००२ मध्ये या फेऱ्या काढणारी कंपनी बंद पडली. कॅलिफोर्नियातल्या संस्थांनी त्याच वर्षी स्वतःची वेगळी फेरी सुरू केली. देणाऱ्याच्या मनात 'माझे पैसे नक्की गेले कुठे' ही शंका एकदा शिरली की रस्त्यावर गाळलेला घाम तिच्यापुढे फिका पडतो. आमच्या पहिल्याच बैठकीत ही हकिगत निघाली आणि एक नियम पक्का झाला: राहणे, खाणे, लाँच, ट्यूब-टायर, येतानाची रेल्वे, सगळे ज्याचे त्याने खिशातून. वर्गणीतला एक रुपयाही रस्त्यावर खर्चायचा नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. आमची वाट दापोलीजवळच्या मुरूडवरून जात होती. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. इथे थांबायचे हे आम्ही ठाण्यातच ठरवले होते, कारण आमच्या फेरीचे खरे मूळ मला पॅरिसपेक्षा इथे दिसते. १८८६ मध्ये कर्व्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'मुरूड फंड' काढला. गावाबाहेर पडून कमावत्या झालेल्या मुरूडकरांनी मिळकतीतला छोटा हिस्सा गावाच्या कामासाठी द्यायचा. मित्रांनी एकत्र यायचे, थोडेथोडे जमवायचे आणि ते दिसेल अशा कामाला लावायचे, ही घडण तेव्हापासूनची आहे. पुढे हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमासाठी कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत पायी जात आणि सवड मिळेल तेव्हा लहानलहान रकमा गोळा करीत. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवी संस्था उभी केली. त्या वयाचा माणूस पायी दाराशी आल्यावर 'पैसे का द्यायचे' असे कुणाच्या तोंडून निघेल? त्याची पायपीट बघूनच लोकांचा विश्वास बसत असणार. काकांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काहीतरी खर्ची घातले आहे हे दिसले की देणाऱ्याला तो पोकळ बोलत नाही याची खात्री पटते.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि पुढची तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. मागणी पैशांची नव्हती, जमिनीची होती; आणि ती मोटारीतून उतरून केली असती तर कुणी एकरभरही दिली नसती.

पायांच्या जागी चाके आणली ती बाबा आमट्यांनी. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' अभियान निघाले. ११६ तरुण-तरुणी, सगळे पस्तिशीच्या आतले, सायकलवर ५,०४२ किलोमीटर पार करत उत्तरेकडे गेले. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून बरोबर होते. दुसरे अभियान १९८८ मध्ये अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटरचे. निधी गोळा करणे हा या अभियानांचा उद्देश नव्हता, पण एखाद्या कामासाठी गटाने मिळून सायकलवर निघायचे हा वस्तुपाठ महाराष्ट्राला तिथे मिळाला. आमच्या गटातल्या एकाचे मामा त्या वेळी कॉलेजात होते. त्या दिवसांबद्दल ते आजही तासभर बोलतात.

नंतरचे थोडक्यात. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि धावणाऱ्याच्या नावाने संस्थेला देणगी देण्याची सवय मुंबई-ठाण्यातल्या नोकरदारांना लागली. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर शंभर रुपयांची वर्गणीही लाजेची राहिली नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी सायकली घेतल्या, त्यातल्या काही गॅलरीत धूळ खात पडल्या आणि काही रस्त्यावर राहिल्या. आमचा गट असाच जमला.

सायकलीच का, हेही सांगायला हवे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात दिसले की माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, पण गरज असलेली प्रत्येक मुलगी त्या अटींत बसतेच असे नाही. आम्ही गिअरच्या सायकली द्यायच्या म्हणत होतो. कोकणातले चढ डोळ्यांपुढे होते. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितले, "गिअर नको. बिघडला तर इथे दुरुस्त कोण करणार? चढाला पोरी हातात धरून नेतील. उताराला ब्रेक लागला पाहिजे, तेवढं बघा." मग साधी लेडीज सायकल, मजबूत कॅरिअर, चांगले ब्रेक शू आणि तालुक्याच्या दुकानात सुटे भाग मिळतील असे मॉडेल ठरले.

वाटेचे नियोजन हा वेगळाच अभ्यास आहे. ठाण्याहून सायकलवर दक्षिणेला निघायचे तर वाटा मोजक्याच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी. पनवेल, पेण, वडखळ या महामार्गावर रुंदीकरणाने आणि अवजड वाहनांनी जीव मेटाकुटीला येतो. म्हणून पहाटे तलावपाळीहून निघून कळव्याचा पूल, ठाणे-बेलापूर रोड, पाम बीच, बेलापूर, आणि तिथून उरणच्या दिशेने. गव्हाण फाट्याच्या आसपास कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागायच्या आत तो टप्पा मागे टाकायचा, एवढ्यासाठीच उजाडण्याआधी निघायचे. पुढे करंजाहून लाँचने रेवसला. ओहोटी असेल तर लाँच धक्क्याच्या बरीच खाली असते. मग एकाने वर हँडल धरायचे, दुसऱ्याने खालून मागचे चाक झेलायचे, आणि माशांच्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावश्यांनी "हा बग, चैन कापडाला लागंल" म्हणत आपली पाटी सरकवून जागा करून द्यायची. त्या धक्क्यावर कोळी बायकांनी आमच्या सायकली आमच्यापेक्षा सफाईने उतरवून घेतल्या.

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे, बॅ. अंतुले यांच्या काळातले स्वप्न. खाड्यांवरचे पूल अजून सगळे झालेले नाहीत, म्हणून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी धरत जावे लागते. नकाशावर ही वाट समुद्रालगत सपाट दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला उतरायचे आणि लगेच पलीकडच्या सड्यावर चढायचे, दिवसातून कितीतरी वेळा. त्यासाठी आम्ही पावसाळा संपल्यापासून येऊर आणि कसाऱ्याकडचे चढ मारत होतो. वेग ठरवला सर्वांत सावकाश चालवणाऱ्याचा. सर्वांत अनुभवी माणूस स्वीप म्हणून, म्हणजे कुणी मागे राहू नये हे बघायला, शेवटी. पुढे सुसाट जाणाऱ्यांना हे सुरुवातीला जड गेले, पण निधी सगळ्यांच्या नावावर मागितला होता, तेव्हा पोहोचायचेही सगळ्यांनी होते.

जयगडनंतरच्या चढावर एकाच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला आणि चाक ब्रेकला घासू लागले. पुढच्या गावात रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. तिथल्या आजोबांनी सायकल उलटी केली, जुन्या डब्यातून जुळणारा स्पोक शोधला, आणि चाक फिरवत अंगठ्याचे नख रिमच्या जवळ धरून कुठे बाक आहे ते पाहिले. एक निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाची चाकी, पाव फेरा आवळायचे, समोरचे किंचित सैल करायचे, पुन्हा फिरवायचे. चाक सरळ झाले. मजुरी घेईनात. "पोरींच्या सायकलींचं काम ना? माझ्या नावावर वर्गणी लिहा." हिशेबात मजुरी जमा दाखवता येत नाही, म्हणून तेवढे पैसे आम्ही आपल्या खिशातून भरले आणि वहीत आजोबांचे नाव लिहिले.

वहीचा उल्लेख आला म्हणून कायद्याचेही सांगतो, कारण बरेच मित्रगट इथे घसरतात. नोंदणी नसलेल्या गटाने परस्पर स्वतःच्या खात्यात वर्गणी जमवणे योग्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार अशा वर्गणीची धर्मादाय आयुक्तांना माहिती द्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे परवानगी घेतात ती याच कलमाखाली. आम्ही सोपा मार्ग धरला: पैसे थेट शाळेच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, आमच्याकडे फक्त नावांची वही. परदेशातल्या मित्रांबाबत आणखी एक काळजी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, पण तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याची ठरते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ती नसल्याने दोघा जिवलग मित्रांचे पैसे नाइलाजाने नाकारावे लागले.

सायकलींचे बिल आणि जमाखर्चाचे पत्रक प्रत्येक देणगीदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आहे. इमारतीतल्या काकांना छापील प्रत हवी होती, ती दिली. देणगीवरची प्राप्तिकराची ८०जी ची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांहून अधिक रोख रकमेवर मिळत नाही. ज्यांना ती घ्यायची आहे, त्यांना संस्था देणगीचे १०बीई प्रमाणपत्र येत्या ३१ मेपर्यंत देईल. पॅन क्रमांक कळवायचा राहिला असेल त्यांनी तो थेट संस्थेच्या कार्यालयात कळवावा.