कोलिरिदियन

येशूची आई मरिया हिला भाकरीचा नैवेद्य दाखवणाऱ्या अरबस्तानातील ख्रिस्ती स्त्रियांना चौथ्या शतकात मिळालेले हेटाळणीचे नाव. ग्रीकमध्ये ‘कोलिरिस’ म्हणजे लहान भाकर. माहितीचा मूळ आधार एकच : सायप्रसमधील सलामिसचा बिशप एपिफानिअस. त्याच्या ‘पानारिओन’ (औषधांची पेटी, सुमारे ३७४–३७७) या ग्रंथात ८० पाखंडांचे खंडन आहे. त्यांत हे ७९ वे. केवळ विरोधकाच्या साक्षीवर उभा असलेला हा पंथ खरोखर होता का, अशी शंका काही अभ्यासक घेतात.

एपिफानिअसच्या मते ही चाल थ्रेस (बाल्कनचा पूर्व भाग) आणि सिथिया (काळ्या समुद्राच्या उत्तरेचा प्रदेश) यांकडून आली. चौकोनी आसन सजवून त्यावर लिननचे कापड अंथरायचे. वर्षातल्या ठरावीक सणाला काही दिवस भाकर मांडून ती मरियेच्या नावाने अर्पण करायची, मग सगळ्यांनी खायची. अर्पण करणे व वाटून खाणे हा क्रम ख्रिस्तप्रसादाचाच, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या मुख्य विधीचा. तो बायका चालवतात, हे त्याला सर्वांत जास्त खटकले. पौरोहित्य स्त्रियांकडे असते तर येशूला बाप्तिस्मा योहानाने नव्हे, मरियेनेच दिला असता, असा त्याचा युक्तिवाद. आकाशाच्या राणीसाठी पोळ्या करणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याच्या काळातल्या (बायबलच्या जुन्या करारातील) स्त्रियांचा दाखलाही तो देतो. निवाडा मात्र नेमका आहे : मरियेला मान द्यावा, आराधना पिता, पुत्र व पवित्र आत्म्याची.

यावरून ‘मरिया म्हणजे नाव बदललेली देवी’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. ४३१ साली एफेससच्या धर्मपरिषदेने तिला ‘थिओटोकोस’ (देवाला जन्म देणारी) म्हणणे मान्य केले. गाव ग्रीक देवी आर्तेमिसचे, मराठी बायबलातल्या ‘अर्तमी’चे, म्हणून दुवा जोडण्याचा मोह होतो. पण परिषदेपुढचा, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरिअस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यांचा वाद ख्रिस्ताच्या स्वरूपावर होता, आणि हा शब्द अलेक्झांड्रियात सुमारे शंभर वर्षे आधीच वापरात होता. इजिप्तचा धागा त्याहून बळकट वाटतो : बाळ होरसला पाजणारी इजिप्शियन देवी इसिस आणि बाळ येशूला पाजणारी मरिया यांची चित्रे कमालीची सारखी आहेत. अर्थात चित्राची ठेवण उचलली म्हणजे सिद्धान्तही उचलला, असे होत नाही.

मरियेसाठी भाकर पुढे ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील ख्रिस्ती) उपासनेतही आली, पण वेगळ्या जागी. पुरोहित अर्पणाच्या भाकरीतून ‘कोकरू’ म्हणजे ख्रिस्ताचे प्रतीक असलेला चौकोनी तुकडा कापतो. नंतर मरियेच्या मानार्थ एक त्रिकोणी तुकडा काढून तबकात कोकराच्या उजव्या हाताला ठेवतो.