व्यायामाच्या वेळचे संगीत : सभासदांसाठी माहिती

सकाळी सहाला आपल्या व्यायामशाळेत संथ गाणी का लागतात, साडेसहानंतर त्यांची लय का वाढते आणि वजनांच्या खोलीत स्पीकर का नाही, असे नवे सभासद नेहमी विचारतात. त्याची कारणे येथे देत आहोत.

संगीताने स्नायूंत नवी ताकद येत नाही. लक्ष गाण्यात गुंतले की धाप आणि पायांतील जडपणा यांची जाणीव मागे पडते, त्यामुळे तेवढाच व्यायाम हलका वाटतो व माणूस थोडा अधिक वेळ टिकतो. हे मध्यम श्रमांपुरते खरे आहे. एक वाक्यही सलग बोलता येऊ नये इतका दम लागला, की शरीराकडून येणारी सूचना गाण्याला दाबून टाकते. अशा वेळी श्रम कमी वाटत नाहीत, फार तर ते सुसह्य होतात. २०२० मध्ये १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही संगीताचा फायदा दिसला, पण तो माफकच होता.

या विषयावरील सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक १९११ सालची आहे. न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना स्पर्धकांचा वेग ताशी सुमारे साडेएकतीस किलोमीटर, तर बँड थांबलेला असताना एकोणतीसच्या आसपास भरला. (बँडबरोबर प्रेक्षकांचा आरडाओरडाही वाढत असणार, म्हणून सगळे श्रेय वाद्यांना देण्याचे कारण नाही.) १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे इथिओपियाचे धावपटू हैले गेब्रसेलासी यांनी २००० मीटरचा इनडोअर विक्रम केला, तेव्हा त्यांच्या आवडीचे वेगवान गाणे मैदानात लावलेले होते आणि त्यांनी आपली पावले त्याच्या ठेक्याशी जुळवली होती.

ठेक्याशी जुळवून घेणे म्हणजे काय, हे शाळेत लेझीम खेळलेल्यांना समजावून सांगावे लागत नाही. हलगीचा ठेका एकदा अंगात बसला की पुढचे पाऊल कधी टाकायचे याचा विचार उरत नाही, हालचाल एकसारखी होते आणि शक्ती वाया जात नाही. २०१२ मधील एका प्रयोगात गाण्याच्या तालावर पायडल मारणाऱ्यांना, ताल किंचित मागे पडलेला असतानाच्या तुलनेत, सुमारे सात टक्के कमी ऑक्सिजन लागला.

ट्रेडमिलवर याचा उपयोग असा करावा. नेहमीच्या वेगाने धावताना पंधरा सेकंदांत पडणारी पावले मोजून त्यांना चाराने गुणावे. उत्तर १६० आले, तर मिनिटाला १६० ठोक्यांचे गाणे शोधत बसू नये. ८० ठोक्यांचे गाणे दर दोन पावलांना एक ठोका या हिशेबाने अचूक बसते. ताल जुळवायचा नसेल आणि गाणे नुसते साथीला हवे असेल, तर साधारण १२० ते १४० ठोके पुरतात. त्याहून जलद गाण्याने फायदा वाढत जात नाही, म्हणून आमच्या यादीतही फार भरधाव गाणी नाहीत.

आवाजाबाबत आम्ही कोणाचेही ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो. तोच ९० डेसिबलवर गेला की मर्यादा चार तासांवर येते. रोज तासभर येणारा सभासद ती चार-पाच दिवसांत ओलांडेल आणि दिवसभर हॉलमध्ये असणारे आमचे प्रशिक्षक पहिल्याच दिवशी.

वजनांच्या खोलीत बारबेल छातीवर अडकला, तर सोबत्याची हाक ऐकू येणे गाण्यापेक्षा महत्त्वाचे असते. म्हणून तेथे स्पीकर नाही आणि बेंचवर झोपण्यापूर्वी दोन्ही इयरफोन काढून ठेवावे लागतात. रस्त्यावर धावणाऱ्यांनी निदान एक कान मोकळा ठेवावा. मागून येणारी दुचाकी हॉर्न देईलच असे नाही.

गाण्यांच्या फर्माईशी काउंटरवरील वहीत लिहाव्यात. तेथे गाण्याच्या नावापुढे ठोके लिहिलेत, तर गाणे कोणत्या वेळेत बसते हे आम्हाला लगेच ठरवता येईल.